गल्लीतलं झाड वाचवायचं तर: नोंदवही, आळं आणि हरकत

पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवं झालं की महापालिकेच्या कागदावर कारण लिहिलं जातं, 'वादळी वाऱ्याने पडले'. दोन वर्षांपूर्वी गटाराच्या चरात त्याची एका बाजूची सगळी मुळं तुटली होती, याचा त्या कागदावर पत्ता नसतो. कारण तेव्हा ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून नवख्या माणसाने या कामात उतरताना घोषणाफलकाआधी वही हातात घ्यावी.

पुढचं सगळं फुटपाथ, सोसायट्या, शाळांची मैदानं, दुभाजक, सरकारी वसाहती अशा ठिकाणच्या झाडांसाठी आहे. ही झाडं वनखात्याच्या हद्दीत येत नाहीत. कायद्याचे तपशील महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीचे आहेत, म्हणजे 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' या कायद्याचे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत १९६४ चा वेगळा वृक्षतोड कायदा चालतो, गोव्यात १९८४ चा. झाडाची निगा मात्र सगळीकडे सारखीच.

आधी नोंद

एका गल्लीपासून सुरुवात करा. पन्नास-साठ झाडं दोघा जणांना एका सकाळी होतात. एकाने टेप धरायची, दुसऱ्याने लिहायचं. सामान म्हणजे शिंप्याची किंवा कापडी टेप, खडू, मोबाईल आणि वही.

घेर छातीच्या उंचीवर मोजतात, जमिनीपासून १.३७ मीटर म्हणजे साडेचार फुटांवर. प्रत्येकाची छाती वेगवेगळ्या उंचीला असते, त्यामुळे एका काठीवर १.३७ ची खूण करून तीच सगळीकडे वापरा. जमीन उताराची असेल तर वरच्या बाजूने मोजा. त्या उंचीच्या खालीच दोन खोडं फुटली असतील तर दोन्हींचे घेर वेगळे लिहा. वडाच्या पारंब्या मुख्य खोडात धरू नका. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. हा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

वहीत प्रत्येक झाडाला एक ओळ: क्रमांक, जात, घेर, जागेची खूण ('अमुक इमारतीच्या फाटकापासून डावीकडे तिसरं'), बुंध्याभोवती काय आहे (माती, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, पार), खिळे, फलक, तारा, झालेली छाटणी, तारीख. झाडावर पालिकेचा गणनेचा क्रमांक असेल तर तोही. कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. मुंबईत अशा एका गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. पण गणना झालेली असली तरी तुमच्या गल्लीतल्या सात नंबरच्या करंजाचं आळं सिमेंटने कधी बुजलं, हे तारखेनिशी फक्त तुमच्या वहीतच सापडेल.

प्रत्येक झाडाचे तीन फोटो पुरतात: पूर्ण झाड, बुंधा जमिनीला भिडतो ती जागा, आणि मागची इमारत किंवा दुकानाची पाटी दिसेल असा एक. हा तिसरा फोटो नवे लोक हमखास विसरतात. पुढे 'हे झाड इथलंच कशावरून?' असा प्रश्न येतो तेव्हा तोच उपयोगी पडतो. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फाईल जपा. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोत जागेची आणि वेळेची माहिती उरत नाही.

जातीचं नाव नक्की ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडा. सोनमोहराला गुलमोहर लिहिलेला अर्ज खिडकीवरच हसण्यावारी जातो.

बुंध्याशी बसून काय पाहायचं

नवखा माणूस वर शेंड्याकडे बघतो. खरी गोष्ट खाली असते. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीला टेकताना पसरतो आणि मुळं फाकत जाताना दिसतात. विजेचा खांब रोवावा तसं खोड सरळ जमिनीत गेलेलं दिसलं, तर त्या झाडाच्या गळ्याशी भराव पडलाय असं समजा. रस्ता दर वेळी उंच होत जातो, फुटपाथ त्याच्या मागोमाग, आणि खोडाची साल मातीखाली जाते. ती सततच्या ओलीने कुजते, बुरशी शिरते. वरची पानं तरीही बरीच वर्षं हिरवी दिसतात.

पार हा याच प्रकारातला, पण लाडका अपराधी. गावातल्या वडा-पिंपळाला पार शोभतो आणि सोसतोही, कारण ही झाडं भरावात खोडातून नवी मुळं सोडू शकतात. शिवाय जुने पार बिनचुन्याच्या दगडांचे, पाणी झिरपू देणारे असत. कडुनिंबाभोवती किंवा बहाव्याभोवती दोन फूट विटांचा पार बांधून त्यात माती भरली आणि वर टाइल्स बसवल्या, तर ते सुशोभीकरण झाडाच्या मुळावरच येतं. नगरसेवकाच्या नावाची पाटी लागण्याआधी हरकत घेतलेली बरी. नंतर तो पार काढायला कोणी तयार होत नाही.

बुंध्याला पेन्सिल जाईल अशी गोल, एका ओळीतली भोकं दिसली तर थांबा. खोडकिड्याची भोकं वेड्यावाकड्या जागी असतात आणि आसपास भुसा दिसतो. ड्रिलची भोकं एका उंचीवर, खाली तिरकी आणि साफ असतात. कधी त्यातून उग्र वास येतो, कधी ती मेण किंवा मातीने बुजवलेली असतात. हे विषप्रयोगाचं लक्षण. तसंच खोडाभोवती सालीचा पूर्ण पट्टा काढलेला असेल, तर पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड काही महिन्यांत उभ्या उभ्या सुकतं. १९७५ च्या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं येतं. त्यामुळे 'अजून तोडलं कुठंय?' हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

वाळवी दिसली की लोक घाबरतात. सालीवरची मातीची पुटं बहुतेकदा मेलेल्या सालीपुरतीच असतात. झाडूने झाडा आणि लक्ष ठेवा. काळजी करायची ती बुंध्याशी उगवलेल्या कडक, फळीसारख्या बुरशीची. आतलं लाकूड कुजल्याची ती खूण.

आळं मोकळं करणं

राष्ट्रीय हरित लवादाने २३ एप्रिल २०१३ रोजी दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला, की बुंध्याभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढावं, खिळे, फलक, तारा काढाव्यात. अर्जात या आदेशाचा उल्लेख जरूर करा. मात्र स्वतः पहार घेऊन पालिकेचा फुटपाथ फोडू नका. खाली विजेची केबल असू शकते, आणि गुन्हा उलटा तुमच्यावर येऊ शकतो. वॉर्ड ऑफिसात उद्यान विभाग आणि रस्ते विभाग दोघांच्या नावे एकच अर्ज द्या, नाहीतर एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सोसायटीच्या आवारात समितीचा ठराव पुरतो.

अरुंद फुटपाथवर एक मीटरचं चौकोनी आळं मागितलं तर 'माणसांनी चालायचं कुठून?' असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. चालायला १.८ मीटर मोकळी जागा हवी. तेव्हा आळं रस्त्याला समांतर लांबट मागा: रुंदी ६० सेंटीमीटर, लांबी दीड ते दोन मीटर. मुळांना तेवढीच जमीन मिळते आणि चालणाऱ्यांशी भांडण होत नाही.

काम करताना:

१. बुंध्यापासून अर्ध्या मीटरच्या आत ब्रेकर मशीन नको, छिन्नी-हातोडा. कामगार सकाळी लवकर येतात, म्हणून आदल्या दिवशीच मुकादमाला गाठा.

२. काँक्रीट निघालं की खाली खडी आणि सिमेंटचा थर असतो. तो हाताने उचला. अंगठ्याहून जाड मूळ कापायचं नाही.

३. माती खणायची नाही. वरची ५ सेंटीमीटर खुरप्याने मोकळी करा. याहून खोल गेलात तर पाणी शोषणारी बारीक मुळंच तुटतात.

४. दोन-तीन सेंटीमीटर कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, त्यावर ५ ते ८ सेंटीमीटर पालापाचोळा. खोडापासून चार बोटं जागा मोकळी. कच्चं शेण टाकू नका, ते तापतं.

५. त्याच दिवशी सावकाश भरपूर पाणी. एप्रिल-मे मध्ये आळं उघडलं तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड.

आळ्याची कड जमिनीच्या पातळीला ठेवा. उंच कठडा केला की रस्त्याचं पाणी आत येत नाही. फक्त शेजारी चहाची टपरी किंवा बांधकाम असेल तर दोन इंचांची कड करून घ्या. सिमेंटचं धुवण आणि उकळतं पाणी आळ्यात जाणं हे झाडाच्या मरणाचं नेहमीचं कारण आहे.

खिळे पकडीने सरळ ओढा. साल वाढून खिळा गिळला गेला असेल तर कोरून काढू नका, नवी जखम जुन्या खिळ्याहून वाईट. तार खोडात रुतली असेल तर दोन्ही बाजूंना कापा आणि रुतलेला तुकडा राहू द्या. भोकं सिमेंटने भरणं, जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासणं, हे सगळं बंद.

चर खणताना

झाडाची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. खोल सोटमुळाच्या भरवशावर झाड उभं असतं ही समजूत डोक्यातून काढा.

चर झाडापासून किती दूर हवा? नियम असा: खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतर राखावं. घेर १.५ मीटर असेल तर व्यास सुमारे ४८ सेंटीमीटर, म्हणजे अंतर पावणेसहा मीटर. शहरातल्या रस्त्यावर एवढं मिळत नाही हे उघड आहे. म्हणून मागणी दोन टप्प्यांत करा. बारा पटीच्या आत यंत्राने खोदाई नको, हाताने. आणि व्यासाच्या तिपटीच्या आत, या उदाहरणात दीड मीटरच्या आत, मूळ कापणं पूर्ण बंद, कारण तिथली मुळं झाडाला उभं धरतात. केबल आणि पाइप मुळांच्या खालून सरकवता येतात. मोठ्या कामात जमिनीखालून आडवं ड्रिलिंगही करता येतं, पण ते मुळांखाली, मीटरभर खोलीच्या पुढे असायला हवं.

जेसीबी मूळ कापत नाही, ओढून फाडतो. भेग खोडापर्यंत जाते. तुटलंच असेल तर करवतीने टोक साफ कापून घ्या, चर उघडा असेपर्यंत त्यावर ओलं गोणपाट टाका आणि भरताना राडारोडा नव्हे, माती मागा. मग वहीत लिहा: तारीख, कोणत्या बाजूला, बुंध्यापासून किती अंतरावर, किती जाडीची किती मुळं. फोटोत टेप दिसली पाहिजे. झाड पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत पडलं, तर 'वादळी वाऱ्याने' या शब्दांसमोर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

छाटणी

मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी निघते. ठेकेदाराचा माणूस दिवसात जितकी झाडं उरकेल तितकं बरं, त्यामुळे तो शेंडा उडवतो किंवा रस्त्याची अख्खी बाजू सोलून काढतो. एका बाजूने सोललेलं झाड दुसऱ्या बाजूला कलतं. शेंडा उडवलेल्या झाडाला तुऱ्यासारखे कोंब फुटतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि दोन-चार वर्षांत तेच कोसळतात. एका वेळी पानोऱ्याच्या, म्हणजे पानं-फांद्यांच्या एकूण पसाऱ्याच्या, पाव भागाहून जास्त काढू नये.

जाड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खोडापासून ३० सेंटीमीटरवर, खालून वर, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून खाली. फांदी साल न फाडता गळते. तिसरा उरलेल्या ठुणक्याचा, फांदीच्या मुळाशी जो फुगीर पट्टा असतो त्याच्या बाहेरून. तो पट्टा कापला तर जखम भरत नाही, आणि लांब ठुणकं सोडलं तर ते कुजून आत शिरतं. हे कामगारांना भर रस्त्यात शिकवायला जाऊ नका. सुपरवायझरला विचारा: 'कुठली फांदी, आणि कशासाठी?' प्रत्येक फांदीला कारण द्यावं लागलं की निम्म्या वाचतात.

काही झाडं खरोखर काढावी लागतात. अचानक नव्याने कललेलं झाड, कललेल्या बाजूच्या उलट जमिनीला पडलेली भेग, बुंध्याशी बुरशी आणि जोडीला पोकळ आवाज, अशी लक्षणं असतील तर आडवे येऊ नका. नुसती पोकळी मात्र पुरावा नाही. भोवतीचं निरोगी लाकूड त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तर पोकळ खोडही भक्कम असतं. धोकादायक झाडासाठी भांडलात की पुढच्या दहा खऱ्या हरकतींचं वजन जातं.

नोटीस लागल्यावर

झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची, म्हणजे पालिकेच्या झाडांविषयीच्या समितीची, परवानगी लागते, स्वतःच्या जागेतलं असलं तरी. त्याआधी वृक्ष अधिकाऱ्याने झाडावर ठळक दिसेल अशी नोटीस लावायची असते आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची असते. हरकतीला सहसा सातच दिवस मिळतात, त्यात शनिवार-रविवार. नोटीस दिसताच फोटो काढा, तारखेसकट.

आता नोटिशीतल्या झाडांच्या यादीतली प्रत्येक ओळ वहीशी ताडून पाहा. चुका सापडतातच. जात चुकीची, घेर कमी लिहिलेला, दोन झाडांना एक क्रमांक. सर्वांत जास्त सापडणारी चूक म्हणजे फेब्रुवारी-मार्चात पानं गाळलेलं काटेसावर, पांगारा किंवा देशी बदाम 'सुकलेले' म्हणून नोंदलेलं. बारीक डहाळी नखाने खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

'झाडं प्राणवायू देतात' असं लिहिलेली हरकत फाईलला लागते आणि तिथेच राहते. उत्तर द्यावंच लागेल असं काही लिहा. उदाहरणार्थ:

'दि. … च्या नोटिशीतील अ. क्र. ७ येथील वृक्ष "सुकलेला" असे नमूद आहे. प्रत्यक्षात तो काटेसावर जातीचा असून दि. … रोजी घेर १.९० मीटर व डहाळ्या जिवंत आढळल्या. छायाचित्रे जोडली आहेत. नकाशानुसार प्रवेशद्वार २ मीटर पूर्वेस सरकवल्यास अ. क्र. ७ व ८ वाचतात. या पर्यायाचा विचार झाला काय, याबाबत स्थळपाहणी अहवालाची प्रत व सुनावणी मिळावी.'

झाड पन्नास वर्षांहून जुनं असेल तर ते वेगळं लिहा. २०२१ च्या दुरुस्तीने अशा झाडाला प्राचीन वृक्ष, हेरिटेज ट्री, हा दर्जा आला. वयाचा पुरावा म्हणून जुने फोटो, इमारतीचा जुना नकाशा, शाळेची स्मरणिका, काहीही चालतं.

एकाच मजकुराच्या शंभर सह्यांपेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या दहा हरकती बऱ्या. प्रत्येकाने दोन प्रती न्याव्यात, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. ईमेल करा, पण त्यावर विसंबू नका.

'तोडत नाही, पुनर्रोपण करतोय' असं असेल तर गोळ्याचा आकार विचारा. मुळांभोवतीचा मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या सुमारे दहापट रुंद लागतो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या झाडाला तीन मीटर, म्हणजे आठ टनांच्या घरात माती. तेवढी क्रेन, तेवढा रस्ता आणि आधी काही आठवडे टप्प्याटप्प्याने मुळं तयार करण्याचं वेळापत्रक कागदावर नसेल, तर ती तोडच आहे, फक्त दुसऱ्या जागी जाऊन मरणारी.

परवानगी मिळाल्यापासून पंधरा दिवस

परवानगी दिल्यानंतर पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. दाद मागायला ठेवलेली ही मुदत आहे आणि ती झरझर संपते. मुंबईच्या आरेतल्या मेट्रो कारशेडचं उदाहरण बघा. २९ ऑगस्ट २०१९ ला प्राधिकरणाने २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. म्हणून वकिलाशी पहिलं बोलणं हरकतीच्या आठवड्यातच व्हायला हवं.

तोड प्रत्यक्ष चालू दिसली तर परवानगीपत्र मागा. त्यातले झाडांचे क्रमांक, तारीख आणि पंधरा दिवस तपासा, व्हिडिओ घ्या. पत्र नसेल तर ११२ ला फोन करा आणि उद्यान विभागाला कळवा. तक्रारीत १९७५ च्या कायद्याचं कलम ८ आणि २१ लिहा, पंचनामा मागा. तातडीच्या धोक्यामुळे आधी तोडलं असं सांगितलं, तर चोवीस तासांत वृक्ष अधिकाऱ्याला कळवल्याची प्रत मागा. करवतीसमोर उभं राहू नका. झाड पडलंच तर बुडख्याचा व्यास त्याच दिवशी टेप लावून मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पेव्हर ब्लॉक बसलेला असतो.

बदली झाडं

तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची आणि सात वर्षं सांभाळायची, अशी अपेक्षा २०२१ च्या दुरुस्तीत आहे. ती कुठे लावली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवा, उत्तराची मुदत तीस दिवस. 'किती झाडं लावली' एवढंच विचारू नका. प्रत्येक झाडाची जात, जागा, लावल्याची तारीख आणि आजची स्थिती दाखवणाऱ्या तक्त्याची प्रत मागा. मग तक्ता घेऊन तिथे जा.

जातीच्या निवडीत अरुंद फुटपाथला तामण, बकुळ, पुत्रंजीवा, बहावा. रुंद रस्त्याला करंज, कडुनिंब, अर्जुन. सुबाभूळ आणि गिरिपुष्प नकोत. विजेच्या तारांखाली उंच वाढणारं काहीच नको, ते दर मे महिन्यात छाटणीच्या तोंडी जातं. नव्या झाडाला पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. आधाराची दोरी सैल आठच्या आकारात बांधा आणि दर सहा महिन्यांनी सोडून पुन्हा बांधा. लोखंडी ट्री गार्डची कडी खोडाला टेकायच्या आत, साधारण तिसऱ्या वर्षी, कापून काढायला सांगा.